ॲमस्टरडॅम–लंडन ३७० किलोमीटर: विमानाला नक्की किती वेळ धरायचा?

आम्स्टेलकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

मी ॲम्स्टलवेनला राहते, धाकटी बहीण लंडनला हॅरोमध्ये. पुढच्या शनिवारी तिचं डोहाळजेवण आहे. आई-बाबांना पुण्याहून येणं जमत नाहीये, त्यामुळे माहेरचं माणूस म्हणून मी एकटीच. ओटी दुपारी १२ वाजता भरायची ठरली आहे आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला ऑफिस सोडता येणार नाही. म्हणजे शनिवारी सकाळी निघायचं आणि रात्री परत.

आता गोंधळ असा. अंतर मोजून देणाऱ्या साइटवर स्किपोल (आमचा ॲमस्टरडॅमचा विमानतळ) ते लंडनचं हीथ्रो ३७० किमी आणि विमानाचा वेळ ५८ मिनिटं दाखवतात. मी स्वतः ताशी ८३० किमीने भागून पाहिलं तर २७ मिनिटंच येतात. तिकिटावर मात्र १ तास २० मिनिटं. त्यात एक तासाचा घड्याळाचा फरक, त्यामुळे जाताना ८:०० ला निघून ८:२० ला पोचायचं आणि येताना २०:३० ला निघून २२:५० ला. वाचून डोकं गरगरलं.

माझ्यासमोर दोन विमानं आहेत, सकाळी ८ चं आणि ९:३० चं. ९:३० चं साठ युरोंनी स्वस्त आहे. ५८ मिनिटंच लागणार असतील तर तेही चालेल असं वाटतंय. पण ही ओटी चुकवायची नाहीये. बहिणीचं पहिलंच आहे आणि तिच्याकडे आमच्या बाजूचं दुसरं कुणी नाही. जाणकारांनी सांगा, यातला कुठला आकडा खरा?

---

आकाशवाट | मंगळवार, रात्री ९:५२

ताई, तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत. गेली १४ वर्षं मी विमानांचे उड्डाण-आराखडे बनवण्याचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची २७ मिनिटं म्हणजे विमान पूर्ण वेगात, सरळ रेषेत, दोन्ही टोकांना जमीनच नाही असं धरून. त्या साइटची ५८ मिनिटं बहुतेक सरधोपट हिशोबाची आहेत. अंतराला ताशी ८०० ने भागायचं आणि वर अर्धा तास चढायचा-उतरायचा म्हणून टाकायचा. ३७० भागिले ८०० म्हणजे साधारण २८ मिनिटं, अधिक ३०, झाली ५८. त्यात ना विमानतळ कुठला ते आहे, ना वारा.

तिकिटावरच्या वेळेला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. गेटवर उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हललं तिथून हा वेळ सुरू होतो आणि दुसऱ्या गेटवर विमान थांबलं की संपतो. हवेतला वेळ त्यातला एक तुकडा फक्त. या मार्गावर तो साधारण ४० ते ६० मिनिटांचा असतो.

मग बाकीचा वेळ जातो कुठे? तर जमिनीवर. स्किपोलला सहा धावपट्ट्या आहेत. त्यातली पोल्डरबान ही २००३ साली सुरू झालेली, ३,८०० मीटर लांब, आणि टर्मिनलपासून इतकी लांब की गेटपासून तिथवर चालत जायलाच विमानाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तुम्हाला ती मिळते की टर्मिनलजवळची काखबान, हे वाऱ्यावर आणि गावांना होणाऱ्या आवाजाच्या नियमांवर ठरतं. पोल्डरबानवरून उड्डाण होतं ते फक्त उत्तरेकडे आणि उतरणंही फक्त उत्तरेकडून. म्हणजे नैऋत्येचा वारा असेल, जो तिकडे नेहमीचाच, तर निघताना बहुधा जवळची पट्टी मिळेल आणि परत येताना उतरायला लांबची.

हवेतही सरळ रेषा नसतेच. १०,००० फुटांच्या खाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमी, ही वेगाची मर्यादा पाळावी लागते. एवढ्याशा प्रवासात चढण संपते न संपते तोच उतरण सुरू. हीथ्रोला तर धावपट्ट्याच दोन, आणि वर्षाला ४,८०,००० उड्डाणं-उतरणं एवढी कमाल मर्यादा, तीही जवळपास भरलेली. गर्दी झाली की विमानं चार ठिकाणी गोल घिरट्या घालत थांबवतात: बॉविंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. तुमचं विमान पूर्वेकडून येणार म्हणजे लॅम्बोर्न. एका घिरटीला चार मिनिटं धरा. एकावर एक हजार-हजार फुटांच्या अंतराने विमानं रचलेली असतात, खालचं उतरायला गेलं की वरची एकेक मजला खाली येतात.

हे सगळं कंपन्यांना माहीत असतं म्हणून त्या तिकिटावर थोडी ऐसपैस वेळ लिहितात. तुम्ही तिकिटाचाच आकडा धरा आणि तोही गेटपासून गेटपर्यंतचाच आहे हे लक्षात ठेवा. तुमच्या घरापासून बहिणीच्या घरापर्यंतचा नाही.

---

शून्य_रेखांश | मंगळवार, रात्री १०:२०

अंतर कुठून आलं ते विचारलेलं नाही, पण मी ३१ वर्षं सांगलीला गणित शिकवलं, राहवत नाही.

हीथ्रो ५१.४७ उत्तर अक्षांश, ०.४५ पश्चिम रेखांश. स्किपोल ५२.३१ उत्तर, ४.७६ पूर्व. अक्षांशातला फरक ०.८४ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११.३ किमी, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ९३.५ किमी. रेखांशातला फरक ०.४५ अधिक ४.७६, म्हणजे ५.२१ अंश. (इथे मुलं हमखास वजाबाकी करायची. एक पश्चिम आणि एक पूर्व असेल तर बेरीज!) पण रेखांश ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, तेव्हा १११.३ ला ५१.९ अंशाच्या कोज्येने, म्हणजे ०.६१७ ने गुणायचं. मिळाले ६८.७ किमी. गुणिले ५.२१, झाले ३५८. आता पायथागोरस: ९३.५ चा वर्ग अधिक ३५८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. ३७० येतं.

पृथ्वी गोल आहे म्हणून खरं तर गोलावरचं सूत्र लावायला हवं, मोठ्या अंतरांना ते लागतंच. पण एवढ्या छोट्या अंतरात फरक नगण्य. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा, फार समाधान मिळतं.

आणखी एक. वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत, सागरी मैल वापरतात. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. ३७० किमी म्हणजे जवळजवळ बरोबर २०० सागरी मैल. आणि ज्या हार्लेमरमेर सरोवराच्या तळावर स्किपोल उभं आहे, ते उपसून कोरडं झालं तेही १८५२ साली! आजही तो विमानतळ समुद्रसपाटीच्या खाली तीनेक मीटर आहे. योगायोगच, पण हा आकडा मी आता विसरणार नाही.

---

दाबोळीकर | मंगळवार, रात्री १०:३८

मुंबई-दाबोळी सरळ अंतर सव्वाचारशे किमीच्या आसपास. तिथेही तिकिटावर सव्वा तास किंवा वर. म्हणजे हा काही युरोपचाच प्रकार नाही.

---

हॅरोची_सून | मंगळवार, रात्री ११:०५

ताई, आधी बहिणीला खूप शुभेच्छा. मी ११ वर्षं हॅरोत आहे. विमानाचं आकाशवाट सांगतायत, मी विमानातून उतरल्यानंतरचं सांगते, कारण खरा वेळ तिथे जातो.

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल असं धरते. हीथ्रोला ई-गेट ब्रिटन, युरोपीय संघ, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशा ठरावीक देशांच्या पासपोर्टना चालतं. भारत त्या यादीत नाही. डच रहिवासी परवाना असला तरी रांग आपल्याला लागतेच, आणि यूकेचा व्हिसा वेगळा लागतो, शेंगेनवर येता येत नाही. तो काढलाय ना? रांग कधी पंधरा मिनिटांत संपते, कधी तासावर जाते. सकाळी लांबची विमानं एकदम उतरतात तेव्हा तर विचारू नका.

बाहेर आल्यावर ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, नादी लागू नका. पिकॅडिली लाइनने ॲक्टन टाउनला उतरून परत दुसऱ्या फाट्यावर चढावं लागतं. सरळ सेंट्रल बस स्टेशनवरून एसएल-९ पकडा, सुपरलूपची बस. ती थेट हॅरो बस स्टेशनला आणून सोडते. शनिवारी तासभर धरा.

आणि सामानात चीज, लोणी, दुधाचं काही आणू नका. एप्रिल २०२५ पासून युरोपातून ग्रेट ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातून आणायला बंदी आहे. डच चीज आणायचा मोह होतोच, पण तिथे काढून घेतील. पेढे-बर्फी इथे वेम्ब्लीत हवी तेवढी मिळते.

९:३० चं विमान घेऊ नका. साठ युरोंचं दुःख एक दिवस राहील, ओटीचं कायम.

---

आम्स्टेलकाठ | मंगळवार, रात्री ११:२६

व्हिसा आहे, गेल्याच वर्षी दोन वर्षांचा काढलाय. चीजचं बरं सांगितलंत, मी खरंच एक गोळा घेऊन ठेवला होता! तिळाचे लाडू, हिरवी साडी, बांगड्या आणि कापडी फुलांचे दागिने एवढंच नेते. धनुष्यबाण पुठ्ठ्याचा केलाय, तो घडी होतो.

सर, तुमचं गणित मी लेकाला करायला लावलं. त्यानेही आधी वजाबाकीच केली.

---

रुळावरून | बुधवार, सकाळी ७:१५

कुणीच रेल्वेचं नाव काढलं नाही याचं वाईट वाटलं.

युरोस्टारची थेट गाडी लंडनहून ॲमस्टरडॅमला एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली, उलट दिशेने थेट गाडी ऑक्टोबर २०२० मध्ये. मधे जून २०२४ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत ॲमस्टरडॅम सेंट्रालच्या टर्मिनलचं काम चालू असल्यामुळे लंडनला जाताना ब्रसेल्सला उतरून तपासणी करावी लागायची, आता पुन्हा थेट आहे. वेळ चार तासांच्या आसपास. रॉटरडॅम, ब्रसेल्स, लील, मग समुद्राखालचा ५० किमीचा बोगदा आणि लंडनचं सेंट पँक्रास स्टेशन.

चार तास विरुद्ध ५८ मिनिटं असं बघितलं तर ट्रेन हरते. पण नीट बघा. ब्रिटनची पासपोर्ट तपासणी ॲमस्टरडॅमलाच होते. लंडनला उतरल्यावर रांगबिंग काही नाही, सरळ चालू लागायचं. आणि हॅरोला जायचंय तर सेंट पँक्रासच्या खालीच किंग्ज क्रॉस, तिथून मेट्रोपॉलिटन लाइनने हॅरो-ऑन-द-हिल, एकच गाडी, अर्ध्या तासाच्या आत. हीथ्रोहून हॅरो नकाशात जवळ दिसतं, पण वेळेत सेंट पँक्रास जवळ आहे.

शनिवारी पहिली गाडी किती वाजता सुटते ते मात्र बघावं लागेल. १२ ची ओटी आहे म्हणून यावेळी आग्रह करत नाही.

---

पावती_जपा | बुधवार, दुपारी १:४०

वेळेच्या व्याख्येवरून माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो, कारण यात पैसे आहेत.

दोन वर्षांपूर्वी युरोपातल्याच दोन शहरांमध्ये, साधारण अशाच अंतरावर, आम्ही चौघं प्रवास करत होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. विमानात बिघाड, दुसरं विमान मागवलं, उशीर वाढत गेला. चाकं टेकली तेव्हा ठरल्या वेळेपेक्षा २ तास ५४ मिनिटं उशीर झाला होता. मग गेट रिकामं नाही म्हणून उभे राहिलो. धाकटीला झोप आलेली, ती माझ्या खांद्यावर आणि मी उजव्या हाताने मोबाइल धरून दरवाजाकडे बघत होतो. दरवाजा उघडला तेव्हा ३ तास ४ मिनिटं. घड्याळ दिसेल असा फोटो काढला.

युरोपीय नियम २६१ प्रमाणे पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर १,५०० किमीपर्यंतच्या प्रवासाला माणशी २५० युरो मिळतात. अंतर मोजायचं ते गोलावरच्या सर्वांत जवळच्या रेषेने, विमान प्रत्यक्ष कुठून गेलं याच्याशी संबंध नाही. म्हणजे वर सरांनी काढलं तसंच. आणि पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकल्याची नाही, किमान एक दरवाजा उघडून लोकांना उतरायची परवानगी मिळाली ती. हे युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. कंपनीने आधी चाकं टेकल्याची वेळ दाखवून नकार दिला. मी निकाल आणि फोटो जोडून परत लिहिलं. चार महिन्यांनी हजार युरो आले.

वादळ, दाट धुकं असलं तर ही भरपाई मिळत नाही, पण चहापाणी, जेवण हे तेव्हाही द्यावंच लागतं. ताई, जाताना तुम्ही युरोपीय संघातून निघताय म्हणजे हा नियम लागू. येताना ब्रिटनचा स्वतःचा तसाच नियम आहे, तिथे एवढ्या अंतराला २२० पौंड. बोर्डिंग पास फेकू नका.

---

उत्तरबेटं | बुधवार, दुपारी २:१५

आकाशवाटांनी दिलेला तो साइटचा हिशोब कुठे पार कोसळतो सांगतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे विमान जातं. अंतर २.७ किमी. जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण. लोगनएअर १९६७ पासून चालवतंय, आठ-दहा माणसांचं विमान. तुमच्या सूत्राने अर्धा तास येईल, प्रत्यक्षात दोन मिनिटांच्या आत उतरतं. वारा चांगला असताना ५३ सेकंदांत पोचल्याचा विक्रम आहे. तिथली शाळेची मंडळी, डॉक्टर त्याने जातात-येतात, आपण रिक्षाने जावं तसे.

---

आकाशवाट | बुधवार, संध्याकाळी ६:३०

फारच छान उदाहरण. उलट दिशेचंही देतो. मॉस्को ते कालिनिनग्राड सरळ अंतर ११०० किमीच्या आसपास. २०२२ पर्यंत विमानं बेलारूस-लिथुआनियावरून जायची. त्या वर्षी फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, युरोपीय संघाने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं. आता ती आधी उत्तरेला सेंट पीटर्सबर्गकडे जातात, फिनलंडच्या आखातातून बाल्टिक समुद्रावर येतात आणि मग दक्षिणेला वळतात. विमानतळ जागच्या जागी, साइटवर अंतर तेच, आणि प्रवास तासभर लांबला. अंतर दोन बिंदूंमधलं असतं, वेळ त्यांच्या मधल्या आकाशाचा असतो, असं मी नवीन मुलांना शिकवताना सांगतो.

ताईंसाठी आणखी एक कामाची गोष्ट. युरोपभरच्या गर्दीचा हिशोब युरोकंट्रोलचं ब्रसेल्सचं केंद्र ठेवतं. लंडनला वारा, पाऊस, काही झालं आणि तासाला उतरणारी विमानं कमी झाली, तर ते तुमच्या विमानाला स्किपोललाच थांबवतात. उड्डाणाची एक वेळ देतात, तिच्या आधी ५ आणि नंतर १० मिनिटं एवढीच खिडकी. लंडनवर घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा जमिनीवर थांबलेलं बरं म्हणून. कॅप्टन ‘स्लॉट’ म्हणाला की हे समजायचं. छोट्या मार्गांना ही झळ जास्त बसते, कारण जी विमानं आधीच आकाशात आहेत ती दूरची असतात, त्यांना थांबवता येत नाही.

म्हणून पहिलं विमान चांगलं. दिवस चढतो तसा उशीर साचत जातो.

---

जुनी_कात्रणं | बुधवार, रात्री ९:०५

या मार्गाला शंभर वर्षं होऊन गेलीत हे कुणी लिहिलं नाही. १७ मे १९२० ला केएलएम या डच कंपनीचं पहिलंच विमान लंडनहून ॲमस्टरडॅमला आलं. हीथ्रो तेव्हा नव्हतं, ते नागरी विमानतळ म्हणून १९४६ मध्ये सुरू झालं. हे निघालं क्रॉयडनहून आणि उतरलं स्किपोललाच. डी-हॅविलंडने आखलेलं भाड्याचं छोटं विमान, आत दोन इंग्रज पत्रकार आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे. वेग ताशी दोनशेच्या आतला, म्हणजे हवेतच दोन तासांच्या आसपास गेले असणार. आणि उतरले की चिखल तुडवत थेट बाहेर. आजच्या दारापासून दारापर्यंतच्या वेळेशी ताडून बघायला आवडेल.

---

आम्स्टेलकाठ | बुधवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. ८ चं तिकीट काढलं. वही घेऊन जाते आणि मिनिटा-मिनिटाची नोंद करते, आल्यावर इथे लिहीन.

---

हॅरोची_सून | बुधवार, रात्री १०:५५

उजव्या बाजूची खिडकी घ्या. पश्चिमेकडे तोंड करून उतरत असतील तर अख्खं लंडन उजवीकडे दिसतं.

---

आम्स्टेलकाठ | पुढचा रविवार, दुपारी १२:२०

काल जाऊन आले. आधी महत्त्वाचं: ओटी बरोबर १२:१० ला भरली, मी भरली.

आता वही. जाताना चाकं टेकेपर्यंत डच वेळ आहे, पुढे लंडनची.

घरातून निघाले ५:४५. ७:५८ ला विमानाचे दरवाजे बंद. मी मनात म्हटलं, वा, दोन मिनिटं आधीच! तेवढ्यात कॅप्टन बोलला, लंडनला वारा जोराचा आहे, स्लॉट मिळालाय, अर्धा तास इथेच. ‘स्लॉट’ शब्द ऐकल्यावर मला आकाशवाट आठवले आणि खरं सांगते, त्यामुळेच धीर आला. शेजारचे आजोबा मात्र अस्वस्थ होते, त्यांना मी ब्रसेल्सचं सगळं समजावून सांगितलं.

८:३३ ला विमान हललं. काखबान मिळाली, अगदी सांगितल्याप्रमाणे. ८:४४ ला चाकं उचलली. वारा समोरून, धक्के बसत होते, चहासुद्धा दिला नाही. थेम्सच्या मुखाच्या थोडं पुढे गेल्यावर विमान कललं आणि सूर्य खिडकीतून फिरून पलीकडे गेला, परत आला, परत गेला. लॅम्बोर्नच्या दोन घिरट्या. खिडकीतून खाली बघितलं तर आमच्या खालच्या मजल्यावर दुसरं विमान तसंच कललेलं, त्याच्या पंखावर ऊन चमकत होतं. इतकं जवळ, की रंग ओळखता आला. मी कधीच हे असं पाहिलं नव्हतं. मग उजवीकडे लंडन, नदीची सगळी वळणं, टॉवर ब्रिजसुद्धा.

९:४३ ला चाकं टेकली, म्हणजे लंडनचे ८:४३. हवेत ५९ मिनिटं. गेटवर ८:५२, दरवाजा ८:५७. रांगेतून ९:४५ ला सुटले. एसएल-९ मध्ये बसले, ११ ला पाच कमी असताना हॅरो, ११:१० ला बहिणीच्या दारात. डच वेळेने १२:१०. म्हणजे ३७० किमीला दारापासून दारापर्यंत ६ तास २५ मिनिटं.

९:३० चं विमान ॲपवर बघत होते. ते हीथ्रोला ११ वाजून गेल्यावर पोचलं. त्याने आले असते तर ओटीच्या वेळी मी पासपोर्टच्या रांगेत असते. बहिणीने दार उघडलं तेव्हा ती हिरव्या साडीत अर्धवट तयार, गजरा हातात, आणि मला बघून रडायलाच लागली. फुलांचे दागिने मीच घातले तिला. बाजूबंद सैल होत होता, सेफ्टी पिन लावून घट्ट केला.

येताना: २०:३६ ला हललो, खूप वेळ रांगेत, २०:५८ ला उड्डाण. वारा पाठीशी. समुद्र कधी आला नि कधी संपला कळलं नाही. उतरायला पोल्डरबान. लंडनच्या घड्याळाने २१:३८, म्हणजे इथले २२:३८. हवेत ४० मिनिटं फक्त! आणि मग जमिनीवरून चालतच राहिलो. एका ठिकाणी विमान पुलावरून जात होतं आणि खालून ए-५ हायवेवर गाड्यांचे दिवे धावत होते. २२:५३ ला गेट. पंधरा मिनिटं नुसतं चालणं.

घरी येऊन बेरीज केली. जाताना हवेत ५९, येताना ४०, एवढा फरक. आणि ठोकळे ते ठोकळे जाताना ७९ मिनिटं, येताना ७७. तिकिटावर दोन्हीकडे ८०. आकाशवाट, तुमच्या मंडळींना माझा नमस्कार सांगा.

---

आकाशवाट | रविवार, दुपारी १:०२

ताई, ही वही जपून ठेवा. ७९ आणि ७७ बघून फार बरं वाटलं. जाताना घिरट्या आणि समोरचा वारा, येताना रांग आणि पोल्डरबान. दोन्हीकडे वेळ वेगळ्या जागी गेला, बेरीज तेवढीच आली. परवानगी असेल तर हे आकडे नवीन मुलांना दाखवीन.

---

शून्य_रेखांश | रविवार, दुपारी १:३०

६ तास २५ मिनिटांत ३७० किमी म्हणजे ताशी ५८ किमी. बहिणीला आशीर्वाद.

---

रुळावरून | रविवार, दुपारी ३:१०

घरापासून सेंट्राल पाऊण तास, गाडीच्या आधी तासभर, गाडीत चार तास, पुढे अर्धा तास. सव्वासहा. आणि खिडकीपाशी बसून चहा मिळतो.

---

आम्स्टेलकाठ | रविवार, रात्री ८:४५

आकाशवाट, खुशाल दाखवा. रुळावरून, बारशाला दोन दिवस आधीच जाणार आहे, तेव्हा ट्रेनने. वही तीच नेते, पुढची पानं कोरी आहेत.